इंजिनचं काम काढायचं की इंजिनच बदलायचं? : आपल्या गाडगेबाबांची गोष्ट

चिखलदऱ्याची ट्रिप निघाली की अमरावती सोडल्यावर परतवाडा रोडला वलगाव लागतं आणि तिथेच पेढी नदीचा पूल. बसमध्ये अंताक्षरी रंगात आलेली असते, त्यामुळे पूल कधी आला नि कधी गेला ते कुणालाच कळत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, याच पुलाजवळ मोटारीत संत गाडगेबाबांनी देह ठेवला. नागरवाडीहून त्यांना उपचारासाठी अमरावतीला आणत होते. अमरावती अगदी हाकेच्या अंतरावर राहिली होती!

ज्यांचं नाव आपल्या प्रत्येक मार्कशीटवर छापलेलं असतं (विद्यापीठ १९८३ चं, बाबांचं नाव मिळालं २००५ साली) त्यांच्याबद्दल आपल्याला किती माहिती आहे? मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे गाडगेबाबा म्हणजे फॅन्सी ड्रेस. फाटका सदरा, हातात खराटा, डोक्यावर मडक्याचा तुकडा, की झाले गाडगेबाबा तयार. बक्षीसही हमखास मिळायचं. पण त्या मडक्याच्या मागचा माणूस मला मेकॅनिकलला आल्यावर भेटला, आणि तोही एका गॅरेजमध्ये.

झालं असं की आमच्या घरच्या जुन्या गाडीचं इंजिन थकलं. सायलेन्सरमधून निळा धूर, पिकअप नाही, दर आठवड्याला ऑइल टॉपअप. घरात दोन पार्ट्या. बाबा म्हणे रिपेअर करू, दादा म्हणे दुसरं इंजिन टाकू. मिस्त्रीकाकांनी मात्र आधी हेड खोलायला लावलं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, म्हणजे रिंगा तरी गेल्या किंवा बोअर तरी घासला. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतो, त्यापुढे स्लीव्ह बसवता येते. पण ब्लॉकलाच तडा असेल तर नवे पार्ट टाकून पैसा वाया. म्हणजे खरा प्रश्न रिपेअर की रिप्लेस हा नाहीच, ब्लॉक शाबूत आहे की नाही हा आहे. त्यानंतर बाबांचं चरित्र वाचायला घेतलं आणि पानोपानी मला हाच प्रश्न दिसायला लागला.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू मामाची गुरं राखायचा, पुढे नांगर धरायला लागला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली तेव्हा कर्ज म्हणजे काय असतं ते त्याला कळलं.

लग्न कुंताबाईंशी झालं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत व्हायला हवी होती. डेबूजींनी गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद रागावले. मला यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी बारसं रद्द केलं नाही, पंगतही मोडली नाही. फक्त जो पार्ट अख्खं घर जाळत होता तेवढा काढला. वडील दारूनं गेलेले, त्यामुळे कोणता पार्ट ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे त्यांनी घर सोडलं. मागे म्हातारी आई, बायको, लेकरं. चरित्रांमधून हा प्रसंग मोठ्या कौतुकानं येतो, पण कुंताबाईंच्या बाजूनं कुणी फारसं लिहीत नाही. पुढे बाबांनी लाखोंच्या इमारती उभ्या केल्या आणि कुंताबाई झोपडीतच राहिल्या. हा त्याग बाबांचा म्हणायचा की त्यांचा, तुम्हीच ठरवा.

त्यानंतर बारा वर्षं नुसती भटकंती. अंगावर चिंध्या शिवून केलेला सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. आणि तो गाडग्याचा तुकडा, जो जेवताना ताट आणि उन्हात टोपी व्हायचा. (डिझाइनच्या पेपरला एक पार्ट दोन कामं करतो का म्हणून विचारतात ना, हे उदाहरण लिहा.) स्वतःसाठी नवीन काही घ्यायचं नाही, असेल ते सांधून वापरायचं. गावात शिरलं की आधी झाडायला घ्यायचं. रात्री कीर्तन, आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं. कर्ज काढून तीर्थयात्रा नको, देवापुढे बकरं नको, शिवाशीव नको, ताट विकावं लागलं तरी चालेल पण पोराला शिकवा. बोली अस्सल वऱ्हाडी, त्यामुळे कुणालाच ते परके वाटायचे नाहीत.

पूर्णेकाठचं ऋणमोचन बघा. नावातच ऋण फिटण्याची गोष्ट आहे, पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत बुडी मारली की कर्ज फिटतं यावर ज्याच्या मामाची जमीन सावकारानं नेली तो माणूस विश्वास ठेवेल का? तरी बाबांनी यात्रेवर बहिष्कार टाकला नाही. बाया-माणसं काठावरच्या चिखलात घसरून पडतात हे त्यांनी पाहिलं आणि १९०८ च्या सुमारास तिथे घाट बांधायला घेतला. लोकांची श्रद्धा बदलायला वेळ लागणार, पण पाय तर आज मोडतोय! मिस्त्रीकाकांच्या भाषेत सांगायचं तर गाडी चालू ठेवून काम काढलं.

पंढरपूरला मात्र त्यांनी वेगळा निर्णय घेतला. वारी त्यांना प्रिय, पण ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या वारकऱ्यांना पंढरीत डोकं टेकायला छप्पर नव्हतं. इथे असलेल्या धर्मशाळांच्या मालकांना पटवत बसण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा नव्यानं उभी केली. देवळाच्या आत ते स्वतः जात नसत, बाहेर झाडत असत. पुढे नाशिक, देहू, आळंदी आणि मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाल्या. १९२३ मध्ये कोकणात कीर्तन चालू असताना एकुलत्या एक मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आता सगळ्यात अवघड भाग. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचा एकमेकांवर फार जीव. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. म्हणजे होस्टेलसाठी, आपल्यासारख्यांसाठी! दोघांपुढे गाडी एकच होती आणि धूर दोघांनाही दिसत होता. बाबा आयुष्यभर पार्ट बदलत राहिले. नवस काढला, बळी काढला, शिवाशीव काढली, पण कीर्तन आणि विठ्ठल ठेवला. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापर्यंत वाट पाहिली, मग तडा ब्लॉकमध्येच आहे असं ठरवलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

कोण बरोबर? होस्टेलवर या विषयावर रात्री दोनपर्यंत भांडण झालंय. माझं मत असं की हा निर्णय गाडीबाहेर उभं राहून सांगायचा नसतो. मागच्या सीटवर बसून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या धूर गिळला त्यांना अजून थोडं थांबा, रिंगा टाकून बघू, असं कुणी कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि बाबांनी ते सांगितलं असं मला कुठे वाचायलाही मिळालं नाही. ते आपल्या बाजूनं काम करत राहिले आणि धर्मशाळेच्या किल्ल्या देऊन मोकळे झाले. मला वाटतं, बाबासाहेबांच्या निर्णयाला अडवण्यापेक्षा त्यांच्या पोरांना छप्पर देणं त्यांना महत्त्वाचं वाटलं.

तोपर्यंत बाबांचं स्वतःचं शरीर थकलं होतं. डायबिटीस होता, वय ऐंशी. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी ना नीट काम काढू दिलं ना विश्रांती घेतली. ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याला पोलीस स्टेशनच्या आवारात कीर्तन केलं, ते शेवटचं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बरोबर चौदा दिवसांनी वलगावचा पूल.

मोटार तशीच पुढे अमरावतीला आली. समाधी गाडगेनगरला आहे, आपल्यापैकी कित्येक जण तिथेच रूम करून राहतात. १९५२ मध्ये मिशन स्थापन करून बाबांनी सगळ्या संस्थांची घडी बसवून ठेवली होती. त्यात स्वतःच्या नातेवाइकांना जागा ठेवली नव्हती. जे. जे. जवळच्या धर्मशाळेत गावाकडून आलेल्या पेशंटचे लोक आजही उतरतात.