पंडिता रमाबाईंची घरची शाळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, असा विचार करणारे पालक आता शहरांत भेटतात. पुस्तके कोणती घ्यावीत, वेळापत्रक कसे आखावे, हे प्रश्न त्यांना पडतात. पंडिता रमाबाईंच्या बालपणी शाळा तर नव्हतीच. घरही फार काळ नव्हते.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यात विद्यार्थी असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. आपल्याही पत्नीने शिकावे, हे तेव्हाच त्यांच्या मनाने घेतले. पुढे लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले, तेव्हा धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी तो शास्त्राधारानेच दिला.

रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळांत, नदीच्या घाटांवर पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर गुजराण करावी, असा क्रम होता. रमाच्या शिक्षणाची वेळ आली तोवर वडील थकले होते. शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसा तिला कामांतून उसंत नसे, म्हणून ती पहाटेच्या अंधारात मुलीला लाडीगोडीने उठवी. हाती पुस्तक नसे. आई म्हणे, मुलगी मागून म्हणे. बाराव्या वर्षी रमाला पुराणांतील १८ हजार श्लोक मुखोद्गत होते, असे सांगत. कन्नड, हिंदी, बंगाली या भाषा तर वाटचालीतच अंगवळणी पडल्या. एवढे शिकविणारी आई स्वतः कधी शाळेची पायरी चढली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

पण या शिक्षणात एक मोठी उणीव होती. शास्त्र-पुराणांपलीकडचे, पोट भरण्याजोगे काहीही मुलांना शिकविलेले नव्हते. १८७४च्या सुमारास दुष्काळात कुटुंब सापडले तेव्हा ही उणीव जिवावर बेतली. मजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज. आधी वडील, काही महिन्यांत आई आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास मैलोगणती पायी भटकत राहिले.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी विवाह झाला आणि दोन वर्षांतच वैधव्य आले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी प्रशिक्षित शिक्षिकांची व स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे गदारोळ उठला.

अमेरिकेत मात्र त्यांच्या हाती वेगळेच काही लागले. वस्तू हाताळत, खेळत शिकविणारी फ्रोबेलची बालोद्यान पद्धती त्यांनी तेथे अभ्यासली. पहाटेच्या पाठांतरावर वाढलेल्या या विदुषीने ती उत्साहाने आपलीशी केली, हे विशेष. मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे मुलींना अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम आणि छपाई शिकविली जाई.

मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंची अखेरची वर्षे गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे निधन झाले. त्या भाषांतराचे खिळे सदनातल्या मुलींनीच जुळविले आणि छपाईही तिथल्याच छापखान्यात झाली.