चिमाजी आप्पा व वज्रेश्वरीचें देऊळ

थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधु चिमाजी आप्पा प्रकृतीनें नाजूक, परंतु निश्चयाचे पक्के होते. १७३७ सालीं पोर्तुगिजांशीं युद्ध जुंपलें. वसईचा कोट दाद देईना, तेव्हां आप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केला, असें सांगतात. सुरुंगांनीं बुरूज उडाले, सहस्रावधि माणसें पडलीं, आणि मे १७३९ मध्यें कोट शरण आला. शत्रूस त्यांनीं शस्त्रांसह सन्मानानें जाऊं दिलें. मला हें त्या विजयाहूनही मोठें वाटतें. पुढें देवीचें देऊळ उभें राहिलें, तेंही किल्ल्यासारखें तटबंदीचें! वसईकडील चर्चांच्या घंटा मात्र देवळोदेवळीं गेल्या; भीमाशंकरीं त्यांतील एक अद्यापि आहे. बाजीराव एप्रिल १७४० मध्यें वारले. त्याच वर्षीं डिसेंबरांत आप्पाही गेले.