फिरत्या चकतीवरची चाल

धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात का? १८७०च्या दशकात अमेरिकेत यावर हिरिरीने वाद होत. पाय इतक्या झपाट्याने हलत की नुसत्या डोळ्याला ते दिसत नसे. याचा निकाल लावला एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने. त्याचे आयुष्य मात्र डॉक्टरांनीही जाणून घ्यावे असे आहे.

मायब्रिजचा जन्म १८३०चा, इंग्लंडमधल्या टेम्सकाठच्या किंग्स्टन गावचा. तरुणपणी तो अमेरिकेत गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकांचा व्यापार करू लागला. १८६० साली तो टपालाच्या घोडागाडीतून टेक्सासमधून जात असताना गाडीला अपघात झाला आणि त्याच्या डोक्याला जबर मार बसला. शुद्धीवर आल्यावर अपघात त्याला आठवेना. एकाची दोन चित्रे दिसत, वास आणि चव गेली होती. उपचारांसाठी त्याला इंग्लंड गाठावे लागले.

काही वर्षांनी तो कॅलिफोर्नियात परतला, तो छायाचित्रकार होऊन. योसेमिटीच्या दऱ्यांच्या छायाचित्रांनी त्याचे नाव झाले. जखम भरली होती, पण जुन्या मित्रांना माणूस वेगळाच वाटू लागला. पूर्वीचा मनमिळाऊ, व्यवहारी मायब्रिज आता चटकन भडके, विक्षिप्त वागे. १८७४ मध्ये त्याने पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केले. मित्रांनी न्यायालयात त्याच्या बदललेल्या स्वभावाची साक्ष दिली. ज्यूरीने वेडाचा बचाव मानला नाही, तरीही १८७५ मध्ये त्याला निर्दोष सोडले.

मेंदूचा पुढचा भाग, विशेषतः डोळ्यांच्या खोबण्यांवरचा, रागाला आणि उतावळेपणाला आवर घालतो. वासाच्या नसा त्याच्या अगदी खाली असतात. त्यामुळे त्या अपघातात हाच भाग दुखावला असावा, असे अलीकडच्या काही मेंदूतज्ज्ञांना वाटते. त्या काळी कवटीच्या आत डोकावण्याचे साधन नव्हते, त्यामुळे हा अंदाजच राहणार.

जून १८७८ मध्ये, लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य अश्वप्रेमीच्या पालो आल्टो येथील तबेल्यावर मायब्रिजने १२ कॅमेरे ओळीने मांडले. धावपट्टीवर आडव्या तारा ताणल्या. घोड्याने तार ओढली की त्या तारेचा कॅमेरा उघडे. छायाचित्रांत चारही पाय हवेत दिसले. पण चित्रकार काढत तसे पुढेमागे फाकलेले नाहीत, तर पोटाखाली गोळा झालेले!

लोकांना ही सुटी चित्रे खरी वाटेनात. मग १८७९ मध्ये त्याने ‘झूप्रॅक्सिस्कोप’ हे यंत्र बनवले. छायाचित्रांवरून काचेच्या गोल चकतीच्या कडेला चित्रे रंगवायची, चकती फिरवायची आणि दिव्याच्या उजेडाने ती पडद्यावर पाडायची. एकामागून एक चित्रे झरझर आली की मेंदू ती जोडून घेतो आणि घोडा धावू लागतो. चकती गोल असल्याने शेवटच्या चित्रानंतर पुन्हा पहिले येई. दौड काही पावलांचीच, पण हवी तितकी वेळ पाहता येणारी.

वैद्यकाला नेमके हेच हवे होते. चालणे म्हणजे एकाच आवर्तनाची पुनरावृत्ती. बिघाड कुठल्या क्षणी होतो, हे एका नजरेत सापडत नाही. १८८४ नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायब्रिजने माणसे आणि प्राणी यांच्या हालचाली टिपल्या. तेथील मज्जाविकारतज्ज्ञ फ्रान्सिस डर्कम यांनी अर्धांगवायूचे, तोल गेलेले, झटके येणारे रुग्ण त्याच्या कॅमेऱ्यांसमोर आणले. पाय कधी फरफटतो, टाच कशी आपटते, हे चित्रागणिक पाहता आले. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ चित्रपटलांच्या ग्रंथात हे रुग्णही आहेत. चालीच्या शास्त्रीय अभ्यासाच्या सुरुवातीच्या पावलांपैकी हे एक.

१९०४ साली किंग्स्टनमध्येच मायब्रिजचे निधन झाले. इतरांच्या शरीरातला डोळ्याला न दिसणारा बदल त्याने जगाला दाखवला. त्याच्या स्वतःच्या डोक्यातला बदल मात्र कुठल्याच काचेवर उमटला नाही. तो दिसला फक्त त्याला आधीपासून ओळखणाऱ्यांना.

ही गोष्ट आजही तशीच आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाचे टाके निघतात, तो कामावर जाऊ लागतो, आणि घरचे म्हणतात, हल्ली फार चिडका झालाय. त्याला स्वभावदोष समजून गप्प बसू नये. वास येईनासा झाला, राग आवरेनासा झाला, पैशांचे व्यवहार भलतेच होऊ लागले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि चाल बिघडली किंवा झटके येत असतील, तर मोबाइलवर काही सेकंदांची चित्रफीत काढून न्यावी. ती पुन्हा पुन्हा पाहताना जे सापडते, ते दवाखान्यातल्या दोन मिनिटांत निसटू शकते.