जॅम आणि जेली घट्ट कशी होते? पेक्टिनला नाव देणाऱ्या आन्री ब्राकोनो यांची गोष्ट!

पेरू शिजवून रस गाळायचा, साखर घालायची, लिंबू पिळायचं आणि आटवायचं. गार झाल्यावर तोच पातळ रस चमच्यावर थरथरत उभा राहतो. मंडळी, ही करामत आहे पेक्टिनची! आणि त्याला हे नाव मिळालं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्री ब्राकोनो यांच्यामुळे.

ब्राकोनो यांचा जन्म १७८० चा, फ्रान्समधल्या कॉमर्सी गावचा. सातव्या वर्षी वडील गेले. तेराव्या वर्षी घरच्यांनी त्यांना औषधं बनवायचं काम शिकायला नान्सी शहरात पाठवलं. पंधराव्या वर्षी ते स्ट्रासबुर्गच्या लष्करी रुग्णालयात कामाला लागले. एकविसाव्या वर्षी शिकायला पॅरिसला गेले. तिथेच राहिले असते तर नाव लवकर झालं असतं, पण ते नान्सीला परतले. १८०७ मध्ये तिथल्या वनस्पती उद्यानाचे संचालक झाले आणि पुढचं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं.

त्यांचं प्रयोगाचं सामान ऐकून हसू येईल: आळंबी, लाकडाचा भुसा, जुन्या कापडाच्या चिंध्या! १८११ मध्ये त्यांना आळंबीत एक चिवट पदार्थ सापडला. आज त्याला कायटिन म्हणतात, पण हे नाव दुसऱ्याच संशोधकाने दिलं. १८१९ मध्ये त्यांनी चिंध्यांवर आम्लाची प्रक्रिया करून चक्क साखर बनवली. १८२० मध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून मिळणारं जिलेटिन आम्लात उकळून एक गोड पदार्थ वेगळा केला. तोच आजचा ग्लायसिन! हेही नाव नंतर दुसऱ्यांनीच दिलं.

१८२५ मध्ये मात्र वेगळं घडलं. वनस्पतींमधून त्यांना एक पदार्थ मिळाला, जो जेलीसारखा गोठत होता. खरं तर १७९० मध्येच वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला चिंचेत असा पदार्थ दिसला होता. होय, आपल्या आमटीतली चिंच! पण तो एखाद्या फळापुरता नाही, वनस्पतींमध्ये सगळीकडे आढळतो, हे ब्राकोनो यांनी ओळखलं. गोठणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला पेक्टिक आम्ल म्हटलं. पेक्टिन हे नाव त्यातूनच आलं आणि ते टिकलं.

आता यामागचं विज्ञान समजून घ्या. पेक्टिन म्हणजे वनस्पतींच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा जणू डिंक. फळ उकळलं की ते रसात उतरतं. त्याच्या लांब साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. लिंबाचं आम्ल हा भार कमी करतं आणि साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. मग साखळ्या जवळ येऊन जाळं विणतात आणि रस त्यात अडकून बसतो. यासाठी साखर साधारण ६० ते ६५ टक्के आणि सामू ३ च्या आसपास लागतो.

म्हणूनच पेरू, सफरचंदाची जेली सहज लागते. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, त्यामुळे तिच्या जॅममध्ये ते वरून घालतात. फळ अति पिकलं तर पेक्टिन तुटतं आणि जॅम पातळच राहतो. बाजारातलं पेक्टिन मुख्यतः लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून बनतं. म्हणजे जिलेटिनसारखं ते प्राणिजन्य नाही, पूर्ण शाकाहारी आहे.

जानेवारी १८५५ मध्ये, ७४ व्या वर्षी, नान्सीतच ब्राकोनो यांचं निधन झालं. त्यांचं नाव आज फार कुणाला आठवत नाही. पण त्यांनी दिलेला शब्द जगभरातल्या जॅमच्या बाटल्यांवर छापलेला असतो. घरातली बाटली फिरवून बघा, तुम्हालाही तो सापडेल!