नारायण वामन टिळक आणि देवाचा दरबार

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्रास दोन टिळक दिले. पैकी लोकमान्यांचे नाव देवरूखच्या शाळकरी पोरासही ठाऊक आहे. दुसरे नारायण वामन. त्यांचा जन्म १८६१ साली याच जिल्ह्यातील करजगावी झाला. फुलामुलांचे कवी म्हणून, व घायाळ पक्षिणीवरील त्या एका कवितेमुळे, त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोचले. परंतु पुढे ते ख्रिस्ती झाले इतके सांगून आमचे लोक विषय बदलतात. तोच विषय आज आम्ही मुद्दाम काढीत आहो.

टिळकांचे पूर्वायुष्य भटकंतीचे होते. आई लहानपणीच गेली. नाशकास संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० साली लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. पुढे आज या गावी तर उद्या त्या, असे चालले. नागपुरास असता त्यांनी 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. आगगाडीत एका अनोळखी गृहस्थाने त्यांस 'नवा करार' दिला. वादासाठी म्हणून उघडलेल्या त्या ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही गोऱ्या मिशनऱ्याकडून नव्हे तर देशी पाळकाकडून. या निवडीत त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची दिशा दिसते.

ख्रिस्त एक, पण त्याच्या अनुयायांची कुंपणे किती, हे टिळकांस नगरास गेल्यावर रोज दिसू लागले असले पाहिजे. ही कुंपणे कशी पडली ते वाचकांस सांगणे अवश्य आहे. परदेशांतून आलेल्या मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. नगर, सोलापूर, सातारा येथे अमेरिकन मराठी मिशन. ते काँग्रिगेशनल पंथाचे. आंबा घाट चढून आपण ज्या कोल्हापुरास माल पाठवितो ते कोल्हापूर, मिरज, आणि आपले रत्नागिरीही, अमेरिकेतीलच प्रेसबिटेरियन पंथाकडे. नगर जिल्ह्यात इंग्लंडच्या चर्चची मंडळीही काम करू लागली होती. परिणाम असा की, दोन भावांपैकी एक साताऱ्याकडे व दुसरा कोल्हापुराकडे राहिला तर दोघे दोन पंथांचे झाले! ज्या वादांतून हे पंथ उपजले ते स्कॉटलंडातले व इंग्लंडातले. त्यांपैकी एकही वाद नगरच्या शेतमजुराने घातलेला नव्हता. घाणा एक, तेल एक, डब्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र निराळ्या, हा प्रकार पेठेतील कोणाही व्यापाऱ्याच्या लगेच ध्यानी येईल. मिरजेस वॉनलेस डॉक्टरांनी वाढविलेल्या मिशनच्या इस्पितळात कोकणातून रोगी गेले ते बरे होण्यास गेले. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टराचा पंथ कोण विचारतो?

टिळकांनी या चिठ्ठ्यांवर वाद घालण्यापेक्षा गाणी लिहिली. परकी चालींवर बसविलेली, मराठी जिभेला न रुळणारी गीते देवळांतून गाइली जात होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद हे आपले छंद घेतले, टाळ-मृदंग घेतला, कीर्तनाला उभे राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत, आणि तो पूल ओलांडल्यावर त्यांनी तो मोडला नाही. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. ती म्हणताना काँग्रिगेशनल कोण व प्रेसबिटेरियन कोण हे गळ्यावरून ओळखता येत नाही. धर्मपंडितांच्या बैठकांनी जे पुष्कळ वर्षे साधले नाही ते एका कवीने असे आधीच करून ठेवले, असे आमचे मत आहे.

टिळकांस आम्ही निर्दोष ठरवू इच्छीत नाही. पत्नीला विश्वासात न घेता त्यांनी धर्मांतर केले आणि त्या माउलीची काही वर्षे होरपळ झाली. हाती आलेला पैसा घरात टिकत नसे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त हे सर्व हसत हसत, पण काही न लपविता लिहिले आहे. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या तरी सोवळे सोडून आल्या नव्हत्या. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्या मनात आपला आपण उभा राहिला, व त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे त्यांस कोणी शिकविले नाही, म्हणूनच आम्हांस ते अधिक मोलाचे वाटते. त्याच घरात बालकवी ठोंबरे पुत्राप्रमाणे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून कोणी त्यांस परके मानले नाही.

येथे आमच्या गावांकडे वळून पाहावेसे वाटते. बदलीने आलेला ख्रिस्ती मास्तर भाड्याने खोली विचारू लागला की प्रथम आडनाव, मग पंथ, आणि अखेर मूळ जात, अशी उलटतपासणी होते. ख्रिस्ती समाजही या रोगातून सुटलेला नाही. देवळात एकत्र बसणारे पुष्कळदा सोयरीक जुळविताना जुनी जात शोधतात. घरमालकाने भाडे बुडणार नाही ना एवढे पाहावे. बाकीच्या चौकशीने त्याच्या कोणत्या हिशेबात भर पडते?

सन १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. या दरबारात शिरण्यास एकच अट, ख्रिस्ताचे शिष्यत्व. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, कोणत्याही चर्चच्या पटावर नाव असो वा नसो, त्याला तेथे जागा होती. यावर आक्षेप येणे साहजिकच होते. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ती मंडळी कशी, दीक्षेवाचून शिस्त कशी राहणार, हा प्रश्न पोकळ नाही. संस्थेला दारे-खिडक्या लागतात हे पेढी चालविणाऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु टिळक स्वतः बाप्तिस्मा घेतलेले, पाळकपदाची दीक्षा घेतलेले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन वर्षानुवर्षे करणारे गृहस्थ होते. चर्च मोडावे हा त्यांचा हेतू नव्हता. जातीच्या व नातलगांच्या भीतीने दाराबाहेर उभा राहिलेला मनुष्य त्यांस दिसत होता. त्याला आणखी एक पंथ नको होता, त्याला ओसरी हवी होती. दरबार ही ती ओसरी होय.

ही ओसरी बांधून पुरी होण्यास त्यांस जेमतेम दोन वर्षे मिळाली. ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहास अग्नी देण्यात आला व रक्षा नगरास नेली. दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांचे इंग्रजी चरित्र १९२३ साली विन्स्लो यांनी लिहिले. हे विन्स्लो अँग्लिकन, टिळक अमेरिकन मिशनचे. पण चरित्रकाराने ती भिंत आड येऊ दिली नाही.

चर्चांस मात्र वेळ लागला. दक्षिणेत १९४७ च्या सप्टेंबरात अनेक पंथ मिळून एक चर्च झाले. उत्तरेत ते ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी घडले, आणि घडले ते नागपुरास, जेथे टिळकांनी 'ऋषि' चालविला होता. सहा चर्चे त्या दिवशी आपली जुनी नावे उतरवून एका नावाखाली आली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही त्यांत होत्या. वाटाघाटींत प्रदीर्घ काळ बसलेल्या अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अखेरच्या घटकेस अंग काढून घेतले, आणि ते वेगळेच राहिले.