बहिणाबाईंचा प्रश्न



संत बहिणाबाईंचे चरित्र तुम्ही घरातल्या मुलींना अवश्य सांगा. वैजापूरकडील देवगावी १६२८ साली त्यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी लावले गेले. कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरी आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले आणि मनोमन त्यांना गुरू केले.

ही नुसती भक्ती होती काय? विचार करा. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू मानणे म्हणजे वर्णसत्तेलाच आव्हान होते. म्हणूनच नवऱ्याने त्यांना मारले. पुढे तो नमला, दोघे देहूला गेले; तेथेही मंबाजीने त्यांना छळले.

परंतु बहिणाबाई थांबल्या नाहीत. ब्राह्मण कोण, देहाने की जातीने, हा वज्रसूचीतला प्रश्न त्यांनी मराठी अभंगांत मांडला आणि जन्माचा दावा खोडून काढला. वज्रसूची नावाचा असाच ग्रंथ बौद्ध परंपरेत अश्वघोषांच्या नावावर आहे. हा तर्क आपल्या घरचाच आहे.

तरीही पतिव्रताधर्माची बेडी त्यांनी तोडली नाही. १७०० साली त्या वारल्या. गावगाडा तसाच राहिला. त्याच कोल्हापुरात १९०२ साली शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा प्रश्नाला हुकमाचे बळ मिळाले.

अभंगाने मन जागे होते. हक्क मात्र कायद्याने आणि संघटनेने मिळवावे लागतात. हे विसरू नका.