शेठ वालचंद हिराचंद : क्षेत्र, काल आणि पुरुषार्थ

कोणत्याही कार्याचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चारही अंगांनी करावा, अशी आपल्या शास्त्रकारांची शिकवण आहे. उद्योगव्यवसायालाही ती तंतोतंत लागू पडते. भांडवल हाताशी आहे पण स्थळ प्रतिकूल आहे, किंवा स्थळ योग्य आहे पण राज्यकर्त्यांचे धोरण विरुद्ध आहे, अशा वेळी कर्तबगार माणसालाही माघार घ्यावी लागते. शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र या दृष्टीने पाहिले म्हणजे एकाच पुरुषाला एका ठिकाणी भरघोस यश आणि दुसऱ्या ठिकाणी पदोपदी अडथळे का आले, याचा उलगडा होतो.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. सोलापुरात या दिगंबर जैन कुटुंबाची सावकारीची आणि कापसाच्या व्यापाराची पेढी होती. वडील शेठ हिराचंद नेमचंद यांनी १८८४ मध्ये ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू करून समाजसुधारणेच्या कार्याला वाहून घेतले होते. गावही झपाट्याने बदलत होते. १८६० मध्ये तेथे रेल्वे पोहोचली आणि १८७७ मध्ये मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने कापडगिरणी उभी राहिली. घरात पेढीची शिस्त व सुधारणेची चर्चा, दाराबाहेर कापूस, रेल्वे आणि यंत्रे, अशा परिसरात वालचंदांची जडणघडण झाली.

वडिलोपार्जित धंद्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. एका जैन व्यापाऱ्याची पत आणि एका ब्राह्मण कारकुनाचे कामाचे ज्ञान यांचा हा संयोग होता. जातीची व धंद्याची कुंपणे ओलांडणाऱ्या या भागीदारीतून मोठा ठेकेदारी व्यवसाय उभा राहिला. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामेही त्यांच्या कंपनीने पार पाडली. सरकारला रेल्वे हवी होती, म्हणून येथे काल अनुकूल होता.

समुद्रावर मात चित्र उलटे होते. पहिले महायुद्ध संपल्यावर जहाजांची टंचाई होती. ही संधी साधून वालचंदांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज खरेदी करण्यात पुढाकार घेतला आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. सोलापूरच्या गिरणीचे संस्थापक मोरारजी गोकुळदास यांचे पुत्र नरोत्तम मोरारजी हे या उद्योगातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु किनाऱ्यावरील व्यापारावर ब्रिटिश कंपन्यांची पकड होती. त्यांनी मालवाहतुकीचे दर इतके खाली आणले की नव्या कंपनीला टिकाव धरणे कठीण व्हावे. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करून किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी ही वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, तेही कायद्यात उतरले नाही. जी गोष्ट परकीय सत्तेखाली घडली नाही, ती स्वातंत्र्यानंतर स्वकीयांच्या सरकारने घडवून आणली. जहाजे तीच, खलाशी तेच. बदलले ते राज्यकर्त्यांचे धोरण.

साखरेच्या बाबतीत धोरणाचा हाच प्रभाव अनुकूल दिशेने दिसला. १९३२ च्या कायद्याने देशी साखर उद्योगाला परदेशी साखरेपासून संरक्षण मिळाले आणि देशभर कारखाने उभे राहू लागले. नीरेच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या इंदापूर तालुक्यात वालचंदांनी उसाची शेती व कारखाना उभारला. माळरानावर वसाहत, शाळा, दवाखाना आणि कार्यशाळा आल्या. त्यातूनच वालचंदनगर वसले. मालेगावजवळील रावळगावचीही अशीच भरभराट झाली. परिस्थिती उद्योगाला घडवते, तसा उद्योगही आपल्या भोवतीची परिस्थिती घडवतो, याची ही दोन गावे साक्ष देतात.

दुसऱ्या महायुद्धाने नवी दारे उघडली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. तेथे स्वस्त वीज होती, विज्ञान संस्था होती आणि उद्योगाला साथ देणारा दरबार होता. मात्र युद्धाच्या निकडीमुळे १९४२ मध्ये सरकारने ती कंपनी आपल्या हाती घेतली. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम रखडले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील ‘जलउषा’ हे जहाज जलावतरित झाले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मोटारनिर्मितीचे त्यांचे स्वप्नही साकार केले.

१९४९ मध्ये पक्षाघाताने प्रकृती खालावली व त्यांना निवृत्त व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने सर्वपरिचित आहे.

युद्धे, कायदे आणि राज्यसत्ता यांवर व्यापाऱ्याचा ताबा नसतो; वालचंदांचाही नव्हता. घराची शिस्त, पेढीची पत, योग्य भागीदाराची पारख आणि ज्ञानाचा आदर ही मात्र निकटच्या परिसरातून मिळणारी शिदोरी होती. प्रतिकूल काळात ते टिकले ते या शिदोरीवर, आणि काळ पालटताच पुढे सरसावले तेही तिच्याच बळावर. आपल्या मुलांसाठी मोठे जग आपण बदलू शकणार नाही कदाचित. परंतु घर, पेढी, पाठशाळा आणि वसतिगृह यांचे वातावरण घडवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी समाजबांधवांनी या कर्तव्याचे स्मरण ठेवावे, हीच त्या कर्मयोग्याला खरी आदरांजली ठरेल.